क्लेअरमाँटच्या घराची पुस्तिका: कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

मंडळाच्या बैठकीत ठरलं: दिवाळीनंतरची सहल ईशरला, क्लेअरमाँटच्या बागेत. तिथे वाटायला मराठीत एक पुस्तिका हवी आणि ती मी लिहायची. सोळा पानं, मोठा टाइप, कारण निम्मी मंडळी सत्तरीच्या पुढची आहेत.

इथे इंग्लंडात, सरे परगण्यात राहून मला सव्वीस वर्षं झाली. बाग पायाखालची आहे. मुलं लहान होती तेव्हा दर उन्हाळ्यात तिथल्या तळ्याकाठी चादर अंथरून पोळी-भाजी खाल्ली आहे. पण बागेच्या पलीकडे, झाडांआड जे मोठं घर आहे, त्याबद्दल माझं ज्ञान ‘क्लाइव्हचं घर’ एवढ्यावर संपायचं. बाग नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुनी घरं-बागा जपणाऱ्या संस्थेची, घर एका शाळेचं, मध्ये कुंपण. कुंपणापलीकडे बघायची गरजच कधी वाटली नाही.

रात्री आईला फोन केला. ती गिर्येला असते, देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या शेजारी. तिला काम सांगितलं. थोडं ऐकून घेऊन म्हणाली, “ता घर कोणाच्या पैशार उभा रवला, ता आधी बघ गो.”

वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहून ठेवलं आहे. प्रत्येक मालकाच्या नावाखाली एक ओळ असलीच पाहिजे: पैसा कुठून आला.

१७ सप्टेंबर

‘कंट्री हाऊस’ला मराठीत काय म्हणायचं, यात दोन दिवस गेले. वाडा म्हटलं की चौक, दिंडी दरवाजा आणि गावातली वस्ती डोळ्यांपुढे येते. गढी म्हटलं की बुरूज. बंगला हा शब्द या घरांना पुरत नाही. या घरांचं मर्म भिंतींत नाही, भोवतालच्या जमिनीत आहे. जमीन कुळांकडे लावलेली, खंड घरी येणार, त्या खंडावर घर, बाग, नोकरचाकर आणि संसदेतली खुर्चीसुद्धा. कोकणात वाढलेल्या माणसाला हे दोन शब्दांत कळतं: खोताचं घर. पुस्तिकेत पहिल्यांदा तसंच म्हणणार, पुढे नुसतं ‘घर’.

मालकांची यादी केली तर डझनावर नावं झाली. बापामागून मुलगा धनी म्हणून इथे नांदला, असं एकदाही दिसत नाही. खोताच्या घरात पिढ्या मोजतात. इथे खरेदीखतं मोजावी लागतात.

२२ सप्टेंबर

पहिला मालक जॉन व्हॅनब्रा. आधी नाटककार, मग वास्तुकार. यॉर्कशरचं कॅसल हॉवर्ड आणि ऑक्सफर्डजवळचा ब्लेनिम पॅलेस ही त्याची कामं. १७०८ मध्ये त्याने ईशरला जागा घेऊन स्वतःपुरतं एक छोटं घर बांधलं, नाव ‘चारगेट’. बहुतेक पुस्तकं एवढं सांगून पुढच्या मालकाकडे जातात. मी अडले ते एका वाक्यावर: तरुणपणी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता, १६८३ ते १६८५. ही गोष्ट अभ्यासकांनाही विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी कळली.

सुरत म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात एकच साल येतं. म्हणून तारखा जुळवत बसले. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. त्याच महिन्याच्या २४ तारखेला लंडनमध्ये व्हॅनब्राचा बाप्तिस्मा झाला. त्या लुटीत इंग्रजांची वखार लढवून राखणारा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडन. दहा वर्षांनी रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन त्याच घराण्यातला. सर जॉर्ज १६६९ मध्ये सुरतेतच वारला आणि त्याचं थडगं असं बांधलं की लांबून एखाद्या मुघल सरदाराचा मकबरा वाटावा: दुमजली, खांबांचं, घुमटाचं. व्हॅनब्रा तिथे पोचला तेव्हा ते उभं होतं.

पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १७११ मध्ये लंडनमध्ये नवी चर्च बांधायची योजना चालू होती. व्हॅनब्राने लेखी सुचवलं की मेलेली माणसं चर्चच्या आत पुरू नयेत, गावाबाहेर मोकळ्या हवेत दफनभूमी करावी, आणि नमुना म्हणून सुरतेच्या इंग्रज दफनभूमीचं चित्र स्वतःच्या हाताने काढून जोडलं. सुरत सोडून सव्वीस वर्षं झाली होती. तरी ते घुमट त्याला आठवत होते.

पैसा कुठून: नाटकं आणि राजाच्या बांधकाम खात्यातली नोकरी. सुरतेचा पैसा या घरात आलेला नाही. ते तसंच लिहायचं.

२४ सप्टेंबर

१७१४ मध्ये व्हॅनब्राने घर विकलं. घेणारा थॉमस पेलम-होल्स, वय एकवीस. लवकरच तो अर्ल ऑफ क्लेअर झाला आणि टेकाडाजवळचं घर म्हणून त्याने नाव ठेवलं क्लेअरमाँट. पुढे हाच ड्यूक ऑफ न्यूकॅसल, दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान.

पैसा कुठून: मामाची इस्टेट. मामाला मुलगा नव्हता, १७११ मध्ये तो गेला आणि बहुतेक जमीन भाच्याकडे आली. कुळांच्या खंडाचा तो पैसा पुढची पन्नास वर्षं निवडणुका जिंकण्यात, माणसं बांधून ठेवण्यात आणि क्लेअरमाँटच्या मेजवान्यांत गेला. ड्यूक मेला तेव्हा कर्ज मागे होतं.

घर विकणाऱ्या व्हॅनब्राकडूनच त्याने ते दोन्ही अंगांनी वाढवून घेतलं आणि मागच्या टेकाडावर १७१५ च्या सुमाराला बेल्व्हिडिअर नावाचा चार कोपऱ्यांचा बुरूज बांधवला. व्हॅनब्राच्या हातचं ठळक उरलेलं तेवढंच.

२८ सप्टेंबर

आज बागेत फेरी मोजायला गेले. आदल्या रात्री पाऊस झालेला, गवत निसरडं.

बागेतली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गवताचं अर्धवर्तुळाकार प्रेक्षागार. चार्ल्स ब्रिजमनने १७२० च्या दशकात मातीला उतरंड देऊन ते केलं, तीन एकरांच्या आसपास. पायऱ्या मातीच्याच, वर हिरवळ. आजवर मला वाटायचं की इथे नाटकं होत असावीत. पण ते बसून नाटक बघायला केलेलंच नाही. वर उभं राहून खालचं तळं बघायचं आणि खालून वर या पायऱ्या बघायच्या, एवढ्यासाठी इतकी माती हलवली. तळ्याला बेट आणि वाकडातिकडा काठ विल्यम केंटने १७३० च्या दशकात दिला, आधी ते घोटीव गोल होतं.

मधल्या काळात हे प्रेक्षागार झाडाझुडपांनी पार गिळलं होतं. १९७५ पासून ट्रस्टने जंगल काढून ते पुन्हा उघडं केलं. म्हणजे मी मुलांना घेऊन जात होते तेव्हा त्या पायऱ्या पुन्हा उजेडात येऊन जेमतेम पंचवीसेक वर्षं झाली होती.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळ्याकाठची सपाट वाट. बाकीच्यांनी वर चढायचं. माझ्या चालीने पूर्ण फेरीला पन्नास मिनिटं, मंडळींच्या चालीने दीड तास धरायला हवा.

६ ऑक्टोबर

क्लाइव्ह. या प्रकरणाला चार पानं राखून ठेवली आहेत. इतरांना एकेक.

न्यूकॅसल नोव्हेंबर १७६८ मध्ये वारला आणि त्याच्या विधवेने इस्टेट रॉबर्ट क्लाइव्हला विकली. क्लाइव्ह तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, दीडदोन वर्षांपूर्वीच हिंदुस्थानातून कायमचा परतलेला. त्याने व्हॅनब्राचं घर पाडून टाकलं. सखल जागेत होतं, ओल धरायचं. नवं घर वर कोरड्या उंचवट्यावर, लॅन्सलट ब्राऊन आणि त्याचा पुढे जावई झालेला हेन्री हॉलंड यांच्याकडून. जागेत ‘केपेबिलिटी’ आहे असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा म्हणून ब्राऊनचं नावच केपेबिलिटी ब्राऊन पडलं. घर आणि बाग मिळून लाख पौंडांच्या वर खर्च झाला असं सांगतात. काम १७७४ मध्ये संपत आलं आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला क्लाइव्ह लंडनच्या घरी मेला. एवढं बांधून त्याला इथे नांदता आलं नाही.

पैसा कुठून: प्लासीनंतर बंगालचा नवाब झालेल्या मीर जाफरकडून २,३४,००० पौंड. हा आकडा संसदेनेच १७७३ च्या मे महिन्यात ठरावात नोंदवला आणि त्याच ठरावात क्लाइव्हने देशाची मोठी सेवा केली असंही लिहिलं.

शिवाय जहागीर. ती समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटली. कलकत्त्याभोवतीचे चोवीस परगणे कंपनीने नवाबाकडून घेतले होते आणि त्याबद्दल नवाबाला सालाचा सारा द्यायची. १७५९ मध्ये मीर जाफरने तो सारा क्लाइव्हच्या नावे करून दिला, वर्षाला सुमारे २७,००० पौंड. म्हणजे कंपनी झाली कूळ आणि तिचाच नोकर झाला खोत. पुस्तिकेत नेमकं असंच लिहिणार.

या जहागिरीचा पैसा येत होता आणि इथे विटा चढत होत्या, तेव्हा बंगालात काय चाललं होतं? १७६९-७० चा दुष्काळ. बंगालचा तेव्हाचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने १७७२ मध्ये कंपनीला कळवलं की एकतृतीयांश तरी रयत गेली असावी. त्याच पत्रात तो हेही लिहितो की १७७१ ची वसुली १७६८ पेक्षाही जास्त झाली. ही दोन वाक्यं मी शेजारीशेजारी छापणार आहे. माझ्याकडून त्यावर काही जोडायचं नाही.

मेकॉलेने नोंदवलेली एक वदंता आहे. हे घर उभं राहत असताना सरेचे शेतकरी भीतीने कुजबुजायचे की या दुष्ट लॉर्डने भिंती इतक्या जाड बांधवल्या आहेत त्या सैतानाला आत येता येऊ नये म्हणून.

८ ऑक्टोबर

आज काम झालं नाही. म्हणजे झालं, पण पुस्तिकेचं नाही.

क्लाइव्हच्या आयुष्याचा क्रम गाडीत बसून वाचत होते. १७५५ मध्ये मुंबईत उतरला, १७५६ च्या फेब्रुवारीत ‘घेरिया’वर हल्ला, मग मद्रासकडे, मग बंगाल. घेरिया. गिर्येच्या नावाचा हा त्यांचा उच्चार, विजयदुर्गासाठी वापरलेला. शाळेत असताना ‘इंग्रजांच्या मदतीने पेशव्यांनी आंग्ऱ्यांचं आरमार बुडवलं’ हे वाक्य पाठ केलं होतं. त्या इंग्रजांत क्लाइव्ह होता हे लक्षात राहिलं नव्हतं. आमच्या घरातून रामेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर लहानपणी मी हजारदा पळाले आहे. त्याच गावाचं नाव इतकी वर्षं या घराच्या इतिहासात पडून होतं आणि मी खाली तळ्याकाठी डबा उघडून बसत होते.

घडलं ते असं. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे डोईजड झाला होता. कंपनीशी करार झाला: समुद्रावरून त्यांनी, जमिनीवरून पेशव्यांनी चालून जायचं. ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गाच्या खाडीत शिरली, तोफा सुरू झाल्या, आंग्ऱ्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळं आरमार जळालं. तुळाजी आधीच पेशव्यांच्या छावणीत आला होता. किल्ल्यात पेशव्यांचं सैन्य शिरू नये म्हणून क्लाइव्हने आपली पलटण उतरवून मधली वाट अडवली. १३ फेब्रुवारी १७५६ ला किल्ला इंग्रजांकडे गेला. आत सुमारे दहा लाख रुपयांची लूट सापडली. ती त्यांनी आपापसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातलं काही मिळालं नाही. किल्ला पेशव्यांच्या ताब्यात मिळायला ऑक्टोबरचा तह करावा लागला आणि बदल्यात बाणकोट गेलं.

नानासाहेबांनी हे का करू दिलं, याचा राग मला आजही येतो. कान्होजींच्या हयातीत ज्या आरमाराला इंग्रज बिचकून होते, ते आपल्याच पेशव्यांच्या परवानगीने आपल्याच खाडीत जळालं. पुढच्या वर्षी प्लासी.

आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “रामेश्वराक नारळ ठेवतंय.” त्या देवळाच्या आवारात संभाजी आंग्ऱ्यांची समाधी आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

तीन वर्षांपूर्वी वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात गेलो होतो. क्लाइव्हच्या मुलाने तिथल्या घराण्यात लग्न केलं, म्हणून क्लाइव्हांनी हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू तिथे आहेत. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबूसुद्धा. तिथे बेंजामिन वेस्टचं एक चित्र आहे: बादशहा शाह आलम उंच सिंहासनावरून क्लाइव्हच्या हाती दिवाणीची सनद देतो आहे. वर छत्र, भोवती दरबार, मागे हत्ती.

आज कळलं की क्लाइव्हने ते चित्र क्लेअरमाँटच्या जेवणघरासाठी सांगितलं होतं. खरा प्रसंग १२ ऑगस्ट १७६५ चा, अलाहाबादला, क्लाइव्हच्या स्वतःच्या तंबूत. सिंहासन म्हणून जेवणाच्या टेबलावर खुर्ची ठेवून वर कापड घातलं होतं. बंगाल, बिहार आणि ओरिसाचा महसूल त्या टेबलावरून कंपनीकडे गेला. चित्रातलं टेबल वेस्टने सिंहासन करून टाकलं आणि ते चित्र लागणार होतं ते पुन्हा जेवणाच्या टेबलासमोर.

१३ ऑक्टोबर

क्लाइव्हची चार पानं पुन्हा लिहिली. पहिल्या खर्ड्यात मी ‘विजयदुर्गाच्या लुटीतून उभं राहिलेलं घर’ असं लिहून बसले होते. मनातून तसंच हवं होतं. पण ते खरं नाही. विजयदुर्गाचा वाटा त्याच्या पदरात पडला तो बंगालच्या पैशापुढे मूठभर. हे घर बंगालच्या रयतेच्या जिवावर उभं आहे. तिथल्या लोकांचं दुःख आपल्या नावावर लावून घेणं बरोबर नाही. गिर्येला एक परिच्छेद दिला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की हा हिस्सा लहान होता.

ओळ खोडताना वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

२० ऑक्टोबर

क्लाइव्हनंतर घर विकलं गेलं, झालेल्या खर्चाच्या एकतृतीयांशाहून जास्त पैसे आले नाहीत असं सांगतात. व्हायकाउंट गॉलवे, मग अर्ल ऑफ टिरकॉनेल. दोघांना मिळून चार ओळी.

१८०७ मध्ये चार्ल्स रोझ एलिस. बागेतल्या फेरीत याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं, पण पैशाची ओळ लिहायची ठरवल्यामुळे तो माझ्यापुरता मोठा झाला. एलिसच्या घराण्याचे जमैकात उसाचे मळे. कष्ट गुलामांचे. संसदेत वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांचा जो गट होता त्याचा हा पुढारी. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी मोडली तेव्हा सरकारने मळेवाल्यांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, एलिसलाही तीत वाटा मिळाला. ज्यांनी ऊस तोडला त्यांना एक पेनीही नाही.

मुर्शिदाबादच्या नवाबाचा पैसा आणि जमैकाचा पैसा तेहतीस वर्षांच्या अंतराने एकाच जिन्यावरून चढला. एलिसला दोन पानं देणार. त्यासाठी केंटच्या तळ्याचा मजकूर कापला.

२४ ऑक्टोबर

राजकन्या शार्लट. गादीचा वारसा तिच्याकडे येणार होता. २ मे १८१६ ला तिचं लग्न जर्मनीतल्या साक्स-कोबर्गच्या लिओपोल्डशी झालं आणि संसदेने कायदा करून हे घर ६०,००० पौंडांना एलिसकडून घेतलं, दोघांच्या राहण्यासाठी. पैसा कुठून: सरकारी तिजोरी.

पुढच्या वर्षी ती इथेच बाळंतपणात गेली. हा भाग मला नीट लिहिता येईना म्हणून मंडळातल्या निवृत्त प्रसूतितज्ज्ञ ताईंकडे गेले. त्यांनी जुन्या नोंदी वाचल्या आणि शांतपणे सगळं समजावलं. गरोदरपणात पोट फार वाढू नये म्हणून जेवण कमी केलेलं, वरून रक्त काढलेलं. ३ नोव्हेंबर १८१७ ला संध्याकाळी सातच्या सुमाराला कळा लागल्या. पन्नास तास चाललं. मूल आडवं अडकलेलं आणि मोठं, नऊ पौंडांचं, पण सर रिचर्ड क्रॉफ्टने चिमटा लावला नाही. तेव्हा तज्ज्ञांचा कलच तसा होता: हात लावू नका, निसर्ग करेल. ५ तारखेला रात्री नऊला मुलगा मेलेला जन्मला. वार अडकली, हाताने काढावी लागली. मध्यरात्रीनंतर पोटात दुखू लागलं, श्वास लागला, आणि अडीचच्या सुमाराला शार्लट गेली. वय एकवीस.

ताई म्हणाल्या, “क्रॉफ्टला दोष द्यायला सोपं आहे. तो पुस्तकाप्रमाणे वागला.” १३ फेब्रुवारी १८१८ ला क्रॉफ्टने स्वतःला गोळी घालून घेतली.

मी तारखा लिहीत होते आणि माझा हात थांबला. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई.

पुन्हा पुन्हा तपासलं. तीच तारीख. पुण्याला संगमावरची रेसिडेन्सी जळत होती, बापू गोखल्यांचे घोडेस्वार खडकीच्या माळावर एल्फिन्स्टनच्या पलटणीवर चालून जात होते, तेव्हा क्लेअरमाँटच्या वरच्या खोलीत शार्लटला कळा लागून चाळीस तास झाले होते. पुणं आणि ईशर यांच्या सूर्यात पाच तासांचं अंतर आहे, तेही हिशेबात धरलं. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. क्रॉफ्टने जीव दिला त्यानंतर आठवड्याभरात आष्टीला बापू गोखले पडले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण काही नाही. तरी मराठीत लिहिलेल्या पुस्तिकेत ही तारीख नुसती ५ नोव्हेंबर म्हणून सोडून देणं मला जमणार नाही.

शार्लट गेल्यामुळे पुढच्या पिढीत गादीला वारस उरला नाही. तिच्या काकांनी घाईने लग्नं केली, त्यांतून २४ मे १८१९ ला व्हिक्टोरिया जन्मली. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपल्यावर जो जाहीरनामा निघाला, त्यावर तिचं नाव आहे.

२७ ऑक्टोबर

लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा झाला तरी घर १८६५ मध्ये मरेपर्यंत त्याच्याकडेच होतं. लहानपणी व्हिक्टोरिया या मामाकडे इथे राहायला यायची आणि तिच्या एरवीच्या उदास बालपणात तेच दिवस सुखाचे होते. आजोळ म्हणून हे घर एवढ्याच काळापुरतं दिसतं. मला हा परिच्छेद लिहिताना बरं वाटलं.

१८४८ मध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप गादी सोडून पळाला, ‘मिस्टर स्मिथ’ नावाने समुद्र ओलांडला आणि जावयाच्या घरी आसऱ्याला आला. बेल्जियमची राणी त्याची मुलगी. त्याच वर्षी घरातले बरेच जण आजारी पडले आणि कारण निघालं शिशाचं: पाणी शिशाच्या नळांतून आणि टाक्यांतून येत होतं. राजा २६ ऑगस्ट १८५० ला इथेच गेला, राणी १८६६ मध्ये.

पैशाची ओळ: लागू नाही, पाहुणे.

३० ऑक्टोबर

उरलेलं भरभर आटोपलं, कारण छपाईला मजकूर परवा द्यायचा आहे.

१८८२ मध्ये व्हिक्टोरियाने घर विकत घेऊन धाकट्या मुलाला, ड्यूक ऑफ ऑल्बनीला, लग्नात दिलं. त्याला रक्त न थांबण्याचा आजार होता, दोन वर्षांत गेला. त्यानंतर चार महिन्यांनी बायको हेलनला मुलगा झाला, याच घरात. तो सोळाव्या वर्षी जर्मनीत साक्स-कोबर्गचा ड्यूक झाला, पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने राहिला आणि १९१९ मध्ये इंग्लंडने त्याच्या पदव्या काढून घेतल्या. १९२२ मध्ये आई गेली तेव्हा तिचं घर मुलाला मिळू दिलं नाही. मग जहाजवाले सर विल्यम कॉरी, १९२६ मध्ये तेही गेले. मग आणखी एक धनी. १९३० मध्ये घर रिकामं पडलं, पाडायचं ठरत आलं होतं. दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने ते घेतलं म्हणून वाचलं. बागेचे पन्नास एकर १९४९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

मुद्रितं आली. ‘ऑक्झेंडन’ दोन ठिकाणी दोन तऱ्हेने पडलंय, एकसारखं केलं. मुखपृष्ठावर बेल्व्हिडिअरचं रेखाचित्र, पुतणीने काढलेलं.

मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी मजकूर वाचून विचारलं, सहलीला गेलेल्या लोकांना दुष्काळाचे आकडे कशाला? मी म्हटलं, काका, बागेचं तिकीट काढून आपण तेच तर बघायला जातोय. ते थोडं थांबले. मग म्हणाले की हेस्टिंग्जचं वाक्य आणखी ठळक टाइपात घ्या. घेतलं.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी शेजारी दारू उडवत होते, इथल्या गाय फॉक्सच्या रात्रीची. आपल्या दिवाळीचे दोन सुरसुरे उरले होते ते मी लावले. घरात आल्यावर शार्लटचं पान पुन्हा एकदा वाचलं. ‘चाळीस तास’ बरोबर आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

सहल झाली. चव्वेचाळीस जण. ऊन होतं, बीचची पानं पार तांबडी झालेली.

प्रेक्षागाराच्या वरच्या पायरीवर उभं राहून मी मालकांची नावं आणि पैशाच्या ओळी वाचल्या, बाकी काही नाही. क्लाइव्हपाशी आल्यावर सोलापूरच्या एका मावशींनी मध्येच विचारलं, “म्हणजे कंपनीच त्याचं कूळ?” ओळ पोचली होती. शार्लटच्या तारखेला कुणी काही बोललं नाही. प्रसूतितज्ज्ञ ताईंनी डोळे पुसले.

खाली तळ्याकाठी डबे उघडले. शेजारच्या बाकावरच्या एका बंगाली जोडप्याने पुस्तिका हातात घेतली, लिपीवरून बरंच लावता आलं त्यांना. मुर्शिदाबाद, दुष्काळ, १७७० ही अक्षरं बोट ठेवून वाचली. त्यांनी इंग्रजीत हवी आहे असं सांगितलं आणि मी पत्ता लिहून घेतला.

शिल्लक काम: इंग्रजी मजकूर, नाताळपर्यंत. दुसऱ्या छपाईत एलिसचं आणखी अर्धं पान. गिर्येला पाच प्रती टपालाने, त्यांतली एक देवळात ठेवायला आईने मागितली आहे.